बाणकरांचा कोहळा

गेल्या दसऱ्याला आबाजी बाणकराचा बाण कोहळ्यात घुसायचा तो संभाजीच्या हलगीत घुसला. हलगी फाटली ती फाटलीच, पण संभाजी वाजवता वाजवता असा मागं कोलमडला, की त्याच्या पाठीमागं दाटीवाटीनं उभं असलेलं सगळं गाव एकमेकांच्या मांडीवर बसलं. गुरव तर थेट गेणबा पाटलाच्या मांडीवर. सणासुदीचं कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाटील कालव्याच्या कडंनं बाणकरांच्या वस्तीवर आला आणि म्हणाला, "आबाजीराव, आता धनुष्य पोरांच्या हातात द्या. पुढल्या साली संभाजी वाजवायला यायचा न्हाय म्हणतोय. आन त्यो न्हाय आला तर तुमच्या बाणानं बसायचं कुठं?"

निरवांगीच्या अलीकडं, कालव्याला चिकटून ही वस्ती. रिवाज असा, की दसऱ्याला शिवेवरच्या बाभळीला कोहळा टांगायचा आणि बाणकराच्या घरच्या माणसानं तो बाण मारून फोडायचा. कोहळा फुटल्याबिगर कुणी आपट्याच्या पानाला हात लावायचा नाही, सोनं द्यायचं नाही, घरला जाऊन पुरणपोळीला बसायचं नाही. ज्याच्या हातात धनुष्य त्याच्याकडं बाणपट्टी. बाणपट्टी म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला काळ्याभोर मातीचा तुकडा. बाकीचं रान पाण्याच्या पाळीची वाट बघत जीभ बाहेर काढून पडलेलं असायचं, तवा बाणपट्टीतल्या वांग्यांची पानं आपली लोण्यासारखी.

आबाजीला दोन पोरं. थोरला झुंबर, त्याची बायको सिंधू; धाकटा भिमा, त्याची चंद्रा. चुली दोन, मधी घायपाताचं कुंपण. म्हातारा एक महिना हिकडं जेवायचा, एक महिना तिकडं, आणि झोपायचा मात्र गोठ्याच्या पडवीत, म्हणजे कुणाच्याच दारात नाही.

झुंबरनं बाणपट्टी मनातल्या मनात केव्हाच नांगरून ठेवली होती. थोरला म्हटल्यावर बाण त्याचाच, ह्यात इचारायचं काय? ऊस लावायचा का वांगी ठेवायची, एवढाच प्रश्न. त्यामुळं नागपंचमीच्या दिवशी आबाजी पडवीत बसून म्हणाला, "मी दोघांस्नी शिकवणार. दसऱ्यापत्तुर जो तयार हुईल, बाण त्येचा. पट्टी बी त्येचीच," तवा झुंबरच्या घशात लाही अडकली.

"दोघांस्नी?" तो खोकत म्हणाला.

"का? भिमा काय पाटलाचा पोरगा हाय?"

भिमा खाली मान घालून लाह्या खात होता. त्याची ती खाली मान झुंबरला लहानपणापासनं खुपायची. मान खाली घालायची आणि सगळं मिळवायचं. दुधावरची साय, जत्रेतली शिट्टी, गोऱ्ह्यातला पांढरा गोऱ्हा, सगळं त्या खाली घातलेल्या मानेवर आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासनं शिकवणी सुरू झाली. तोंडावर उन्हं आली, की जनावरांचं शेण-पाणी उरकून दोघं कडब्याच्या गंजीपुढं उभं राहायचं. म्हाताऱ्याला लांबचं सगळं धुरकट दिसायचं, पण हातभर अंतरावर मुंगीच्या मिशा मोजील अशी नजर. तो पोरांच्या भवती फिरायचा, कुणाच्या खांद्यावर थाप मारायचा, कुणाच्या कोपराखाली बोट धरायचा.

"आबा, बाण?" पहिल्याच दिवशी झुंबरनं इचारलं.

"बाण पळून चाललाय का? आधी नुसतं ताण. दोरी गालाला लागू दे. सोडायची न्हाय, हळूच परत न्ह्यायची."

असं आठवडाभर नुसतं ताणणं. मग बाण दिला, पण गंजीपास्नं दोन पावलांवर, आणि वर म्हणतोय डोळं मिटा.

"डोळं मिटून?" झुंबर म्हणाला. "मग नेम कशाला लागतोय?"

"दोन पावलावर गंजी चुकतीया व्हय तुझी? डोळं उघडं असलं की माणूस बाणामागं पळतंय. आधी अंगाला कळू दे. हात, खांदा, पाठ, ह्येंस्नी आपलं आपलं काम येऊ दे. मग डोळं उघडायचं. आन चामडं, फडकी, खुणा, असलं सगळं त्येच्या बी मागनं. लागलं तर."

झुंबरचं अंग ह्या कामाला जन्मल्यासारखं. तिसऱ्या दिवशीच त्याचा खांदा आपोआप खाली बसला, पाठीची दोन फरं एकमेकाला मिळाली, बाण सपकन गंजीत. डोळं मिटून सपकन, उघडून सपकन. म्हातारा बघायचा आणि पुढं जायचा. भिमापुढं मात्र थांबायचा.

"भिमा, खांदा खाली. भिमा, दम सोडू नगंस. भिमा, बोटं सैल. आता कसं? वाईच बरं हाय. पुन्हा."

गंजीच्या दुसऱ्या टोकाला झुंबर उभा राहून कान टवकारायचा. भिमा, भिमा, भिमा. सकाळभरात झुंबरच्या वाट्याला एकच वाक्य आलं, तेही, "झुंबऱ्या, म्हस सुटली बघ."

घरी आल्यावर त्यानं भाकरी पुढ्यात ओढली आणि सिंधूला म्हणाला, "आबानं आज त्येच्या पाठीवरनं हात फिरवला."

"कुणाच्या?"

"भिम्याच्या. आन कुणाच्या? माझ्या पाठीवरनं कवा फिरवलाय?"

सिंधूनं चुलीत लाकूड सारलं. "फिरवतील कसं? तुमी तिथं दगडागत हुबं ऱ्हाता. चंद्री बघा, सासऱ्याच्या च्यात दोनदा गूळ टाकती. आमी आपलं भाकरी थापतोय. पट्टी गेली म्हंजी समजंल."

सिंधूला भांडायचं नसायचं, ती फक्त निखाऱ्यावर फुंकर घालायची. पेटायचं काम झुंबरचं.

पोळा होऊन गेला आणि झुंबरवर पहिला घाव पडला. सकाळी भिमा गंजीपुढं आला तो डाव्या हाताला कोपरापासनं मनगटापर्यंत चामड्याची पट्टी बांधून. मऊ, पिवळसर, बंद लावून शिवलेली. म्हाताऱ्यानं सोताच्या हातानं शिवलेली.

"ह्ये काय?" झुंबर म्हणाला.

"आबानं दिलं, दादा," भिमा मान खाली घालून म्हणाला.

"मला?"

"तुला काय करायचंय?" आबाजी म्हणाला. "व्हय म्होरं."

त्या दिवशी झुंबरचा पहिला बाण गंजीवरनं गेला. त्याला गंजी दिसतच नव्हती, ते पिवळं चामडं दिसत होतं. घरी येऊन त्यानं भाकरी खाल्ली नाही. "चामडं शिवून दिलंया. टाका बघ कसा घातलाय, लगीनघरातल्या जोड्याला घालत्यात तसा."

"थोरल्यानं आपलं आपण सोलून घ्यावं," सिंधू म्हणाली.

झुंबरनं ते मनावर घेतलं. संभाजी तेव्हा फाटक्या हलगीवर नवं कातडं चढवायला बसला होता, बकऱ्याचं, ओलं, कच्चं. झुंबर त्याच्या दारात जाऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि उरलेला तुकडा मागितला.

"कशाला?" संभाजीनं इचारलं.

"असाच. खुरप्याच्या मुठीला."

"एवढं? खुरपं हाय का नांगुर?"

आबानं भिमाला एकपदरी शिवलं होतं, म्हणून झुंबरनं दुपदरी गुंडाळलं. भिमाचं कोपरापासनं, तर झुंबरचं कोपराच्या वरनं. ओलं कातडं हाताला कसं छान बसलं. तसाच तो वांग्यात पाणी धरायला गेला. भादव्याचं ऊन, पाठीवर कुणी तवा ठेवावा तसलं. वाफं भरत भरत तो कालव्याच्या बाजूला पोचला तोवर कातडं वाळायला लागलं होतं. वाळलं आणि आवळायला लागलं. हलगीचं कातडं ते, त्याला तेवढंच ठाऊक. आधी बोटं जांभळी झाली, मग फुगली, मग झुंबरला वांगी कुठली आणि बोटं कुठली ते कळंना. हात कोपरात वाकेना. खोरं धरता येईना. कपाळावरचा घाम पुसता येईना. संभाजीचा कुत्रा वासावर मागं लागला तो वेगळाच. बांधावर बसून जीभ चाटत, हा माणूस कधी खाली पडतोय ह्याची वाट बघायला लागला.

घरी आला तवा सिंधूनं विळ्यानं कापायचा इचार केला, पण विळा आणि हात ह्यांच्यात जागाच नव्हती. शेवटी म्हशीच्या पाण्याच्या डोणीत हात घालून त्याला बसवला. कातडं भिजून सैल व्हायला दुपार गेली. म्हस येऊन पाणी प्यायली, त्याच्या कानात फुरफुरली, हात चाटून बघितला. आणि नेमकी चंद्रा कुंपणावरनं डोकावली.

"अगंबाई, भावजी! डोणीत काय पडलंय?"

"काय न्हाय," झुंबर म्हणाला. "म्हशीला पाणी दावतोय."

"मग ती पिऊन गेली की कवाच."

हातावरचे वळ निघून गेले, पण चंद्राचं हसणं गेलं नाही. आणि आठ दिवसांत आबाजीनं भिमाच्या दोरीवर लाल सूत गुंडाळून गाठ दिली, बाण रोज एकाच जागी बसावा म्हणून. झुंबरनं त्याच दिवशी आपल्या दोरीवर तीन गाठी मारल्या, लाल, पिवळी आणि सिंधूच्या चोळीची हिरवी. मग बाण लावायचा म्हटलं, की कुठल्या गाठीवर लावायचा ह्यातच त्याचा दम संपायचा. डोळं मिटून गंजी टिपणारा झुंबर आता डोळं वटारून चुकायला लागला.

म्हातारा एकदा त्याच्यामागं येऊन उभा राहिला. झुंबरनं पाठ ताठ केली. आता पाठीवर हात फिरवतोय!

"ह्या चिंध्या कशाच्या?" आबाजी म्हणाला.

"खुणा हायत्या."

"देवीच्या झाडाला बांधत्यात तसं केलंयास. नवस हाय का?" म्हणाला आणि भिमाकडं गेला.

मग ते डोळ्याचं झालं.

भिमाचा बाण काही केल्या सरळ जाईना, सारखा डावीकडं. म्हाताऱ्यानं त्याला बोटाच्या वर्तुळातून बाभळ बघायला लावली, एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, आणि "हात तिच्या!" म्हणून मांडीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी झुंबर गंजीकडं आला नाही. तो कुंपणाआड, भिमाच्या समोरच्या अंगाला, घायपाताच्या पातीतनं बघत बसला होता. आबाजीनं आपल्या पटक्याचं टोक फाडलं, दातानं! बापाच्या पटक्याचं! आणि भिमाच्या डोळ्यावर तिरकं बांधलं. भिमानं बाण सोडला. सपकन. गंजीच्या मधोमध. म्हाताऱ्यानं भिमाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हसला.

झुंबरनं पुढ्यातली पात मोडली. ह्येच! एवढंच गुपित होतं व्हय? तो उठला, घायपाताचा काटा ढुंगणात मोडला तरी त्याला कळलं नाही, घरी गेला, सिंधूच्या जुनेराची पट्टी फाडली आणि अगदी समोर बघितलं होतं तस्सं, त्याच अंगाला बांधलं. पण समोरच्या माणसाचा डावा डोळा बघणाराच्या उजव्या अंगाला येतो, ही गोष्ट मत्सरात कुणाच्या ध्यानात राहतीया? भिमाचा डावा डोळा बांधलेला. झुंबरनं उजवा बांधला. म्हणजे ज्या डोळ्यानं आजवर सगळं टिपलं, तोच झाकून टाकला.

वांग्याचा तोडा होता त्या दिवशी. उद्या बारामतीच्या बाजाराला गाडी जायची म्हणून चंद्रा पाट्या भरभरून बांधावर नेत होती. झुंबर ओढ्याच्या कडंला एकटाच, समोर लिंबाच्या खोडाला नेम धरून उभा. तिन्ही गाठी, डोळ्यावर फडकं, आणि हाताला परत तेच कातडं, ह्या खेपेला कोरडं. त्यानं ताणलं आणि सोडलं. लिंबाला लागायचं सोडून बाण डावीकडं जो वळला तो थेट बांधावर. चंद्राच्या डोईवर पाटी होती. बाण पाटीत घुसला, एक वांगं आरपार झालं, आणि पाटीसकट चंद्रा मटकन खाली बसली.

तिची आरोळी शेळगावापर्यंत गेली असंल. माणसं धावली. पाटील सायकलवरनं चालला होता तोही थांबला. चंद्राला काही झालं नव्हतं, नुसती वांग्यांच्या ढिगात बसून बोंबलत होती.

पाटलानं बाण उपसला. टोकाला वांगं तसंच. त्यानं आधी वांग्याकडं बघितलं, मग लांब ओढ्याकडं, मग धावत आलेल्या झुंबरकडं. "तितनं मारला? एका डोळ्यानं? बाईच्या डोईवरचं वांगं टिपलंस, आन केसाला धक्का न्हाय?"

झुंबर धनुष्य पाठीमागं लपवायला बघत होता. पण पाटलाच्या तोंडावर जे कौतुक होतं ते आजवर त्यानं फक्त भिमासाठी बघितलं होतं.

"तसं... सराव हाय," तो म्हणाला.

"सराव?" चंद्रा ढिगातनं उठली. "मला मारायला सराव केला? पट्टीसाठी मेला जीव घेतोय का काय माझा!" तिनं एक वांगं उचलून हाणलं. ते बरोबर झुंबरच्या बांधलेल्या डोळ्यावर बसलं. नेम म्हणावा तर तो चंद्राचा.

तिन्हीसांजेला आबाजीनं झुंबरला पडवीत बोलावलं. काही इचारलं नाही. हातभर अंतरावरनं बघितलं आणि फडक्याला बोट लावलं.

"कंचा डोळा बांधलास?"

"भिमाचा बांधलाय त्योच."

"भिमाचा डावा हाय. त्येचा डावा डोळा उजव्याच्या कामात तोंड घालतोय म्हणून बांधला. तुझं काय बिघडलं हुतं?"

झुंबर फडक्याच्या गाठीला हात लावून बघायला लागला.

म्हाताऱ्यानं फडकं सोडलं. मग हाताचं कातडं सोडलं, मग दोरीवरच्या गाठी नखानं उकलल्या, एकेक. "दसऱ्यापत्तुर धनुष्याला हात लावायचा न्हाय तू. जे जे चिकटवून घेतलंयास ते अंगाला इसरू दे."

"म्हंजी शिकवायचं फक्त भिम्याला?"

"व्हय."

"मग पट्टी बी द्या त्येलाच! चामडं द्या, सूत द्या, पटका फाडून द्या! मी काय उकिरड्यावरनं आणलाय?"

म्हाताऱ्यानं फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "म्हशीला वैरण टाक जा."

त्यानंतर झुंबरनं बोलणंच टाकलं. कुंपणापलीकडनं दोरीचा टणत्कार आला, की तो खोऱ्यानं बांध असा घालायचा जणू बांधाखाली कुणीतरी आहे. उसाची बांधणी चालली होती, पातीनं दंडावर रेघोट्या ओढल्या होत्या, घामानं त्या चरचरायच्या, आणि त्याला ते बरं वाटायचं. सिंधू म्हणायची, "चंद्रीनं कालच पट्टीत मेथी टाकायची म्हणून बी आणलंय," आणि तो आणखी जोरात खोरं मारायचा.

पण त्याच सुमाराला कालव्याची पाळी आली, आणि ती आली ती उलटी, शेवटाकडनं, म्हणजे तोंडाकडच्या भिमाचा नंबर ऐन दसऱ्यापुढं. ज्याची पाळी त्यानं पाण्याचं दारं सोडून हलायचं नाही, नाहीतर वरचा माणूस पाणी तोडून नेतो. भिमा आपल्या रानात चिखलात उभा. म्हाताऱ्यानं ठरवलं होतं, की दसऱ्याच्या आधी एकेक गोष्ट काढत न्यायची, आधी डोळ्याचं फडकं, मग दोरीवरचं सूत, शेवटी चामडं. कारण देवापुढं ह्यातलं काही चालायचं नाही. पण भिमा पाण्यावर, आणि पाणी उरकून तो घरला आला तवा खंडेनवमी उजाडली होती.

दसऱ्याच्या दिवशी दुपार कलली आणि सगळं गाव शिवेवर जमलं. संभाजी आला होता, पण बैलगाडीच्या आडोशाला बसून वाजवत होता. गाडीच्या चाकातनं नुसता आवाज यायचा. बाभळीला कोहळा लोंबत होता. गुरवानं धनुष्याची पूजा केली आणि रिवाजाप्रमाणं नवी दोरी चढवली. लाल सूत जुन्या दोरीबरोबर गेलं.

भिमा पुढं झाला. गुरवानं त्याच्या हाताकडं बघितलं.

"चामडं काढा."

"का?"

"का म्हंजी? पूजा झालेलं धनुष्य हाय. पायतान घालून देवळात जाता का?"

भिमानं बापाकडं बघितलं. बापानं मान हलवली. चामडं निघालं.

मग बायकांत कुजबूज झाली आणि पाटलाची म्हातारी आई पुढं आली. "आरं लेका, सणाच्या दिवशी डोळ्याला फडकं? कुणी मेलंय व्हय? काढ ते आवलक्षण!"

फडकंही निघालं. आता भिमा उभा होता तो नुसता भिमा. झुंबर गर्दीच्या कडंला हाताची घडी घालून बघत होता, आणि त्याच्या पोटात गुळाचा खडा विरघळत होता.

भिमानं ताणलं. त्याचा कोपर आत वळला, जसा कायम वळायचा, आणि सोडल्याबरोबर दोरी त्याच्या उघड्या हातावर सटकन बसली. बाण आपट्यात हरवला. दुसऱ्या खेपेला दोरी बसायच्या आधीच त्याचा हात दचकला आणि बाण चार पावलांवर जमिनीत घुसला. तिसरा बैलगाडीच्या जुवात टक्कन बसला, आणि हलगी वाजायची एकदम थांबली.

"मी घरला चाललो," गाडीमागनं संभाजी म्हणाला.

भिमाच्या हातावर वांग्यागत जांभळा फुगवटा आला होता. तरी तो मान खाली घालून पुन्हा ताणत होता, पुन्हा चुकत होता. उन्हं उतरायला लागली. पोरं रडायला लागली. कुणाचं तरी पुरण आंबणार होतं, कुणाचा पाव्हणा उपाशी होता. एकेक डोळा झुंबरकडं वळायला लागला. झुंबर आभाळातली घार बघत होता.

"झुंबरराव," पाटील जवळ येऊन म्हणाला. आजवर झुंबऱ्याच होता. "वांगं टिपलं हुतं तुमी. कोहळा तर केवढा!"

"मला मनाई हाय, पाटील. धनुष्याला हात लावायचा न्हाय. आबांनी सांगितलंय."

त्याला हे पाटलाच्या तोंडनं नको होतं. आबाच्या तोंडनं हवं होतं. सगळ्या गावादेखत. झुंबऱ्या, तूच. तुझ्याबिगर हुयाचं न्हाय. एवढंच.

आबाजी उठला, भिमाच्या हातातनं धनुष्य घेतलं आणि झुंबरपुढं धरलं. "मार रं," तो म्हणाला. "पोरं भुकेजलीत."

हे काही ते नव्हतं. पण धनुष्य हातात आलं आणि झुंबरचा खांदा खाली बसला. पाठीची फरं मिळाली. दोरी गालाला लागली. हाताला काही नव्हतं, डोळ्यावर काही नव्हतं, दोरीवर गाठ नव्हती. त्यानं सोडलं. कोहळा फटकन फुटला आणि आतला गर नि बिया गुरवाच्या टकलावर सांडल्या.

ओरडा उठला. संभाजी गाडीआडनं उडी मारून बाहेर आला आणि हलगी कडाडली. माणसं आपट्यावर तुटून पडली. कुणी झुंबरला उचललं, कुणी त्याच्या पायाला हात लावला. सिंधूनं डोळ्याला पदर लावून चंद्राकडं नीट बघून घेतलं. झुंबर माणसांच्या खांद्यावरनं बापाला शोधत होता.

बाप बाभळीकडं बघतच नव्हता. तो भिमापाशी उकिडवा बसला होता, पटका सोडून, त्याचं टोक थुंकीनं ओलं करून त्या जांभळ्या हातावर फिरवत होता.

"आबा," झुंबर खाली उतरून जवळ गेला. "बाण बघितला का?"

"बघायचं काय त्यात?" म्हातारा मान वर न करता म्हणाला. "तुला येतंय ते. पहिल्यापास्नंच येतंय. ह्येला येत न्हाय."

बाणपट्टी झुंबरकडं आली. त्यानं जोडी धरून नांगर घातला. माती अशी उलटत होती, की सिंधू बांधावर बसून नुसती बघत राहायची. पण आबाजी आता रोज सकाळी कुंपणापलीकडं जायला लागला होता. हात बरा झाला की भिमाला पुन्हा पहिल्यापासनं शिकवायचं म्हणत होता, नुसतं ताणण्यापासनं, कोपर सरळ होईस्तवर. नांगराचं तास कालव्याकडं जायचं ते कुंपणाकडं वळलं. बैलं घायपातात शिरली.

"अवं, कुठं बघताय?" सिंधू ओरडली.

"भिम्याच्या कोपराला हात लावलाय आबानं."

"लावू द्या की! पट्टी आपली झाली!"

"व्हय," झुंबर म्हणाला. "झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू शेण काढायला गेली तर गोठ्यामागं टणत्कार. बघते तर नवरा धनुष्य घेऊन उभा. बाण नव्हताच. कोपर मुद्दाम आत वळवायचा, ताणायचा, सोडायचा. दोरी हातावर सटकन बसायची. तो दात खायचा आणि पुन्हा ताणायचा. हात लालभडक झाला, मग निळा, मग त्यावर बरा फुगवटा आला. तो त्यानं उन्हात धरून सगळ्या बाजूंनी न्याहाळला, आणि पडवीत गेला.

आबाजी पायतान चढवून निघायच्या बेतात होता.

"आबा," झुंबर म्हणाला, "दोरी लागतीया."

म्हाताऱ्यानं हात ओढून डोळ्यांपुढं घेतला. हातभर अंतरावरनं त्याला सगळं दिसायचं. एकावर एक बसलेले वळ दिसले. त्यानं वर झुंबरच्या तोंडाकडं बघितलं, पुन्हा हाताकडं बघितलं, आणि पायतान काढून ठेवलं.

"बस खाली," तो म्हणाला. "सिंधे, तेल आन वाईच."

तेल आलं. म्हाताऱ्याचा खरखरीत अंगठा झुंबरच्या हातावरनं सावकाश फिरायला लागला, कोपरापासनं मनगटापर्यंत, मनगटापासनं कोपरापर्यंत. झुंबरनं डोळं मिटलं.

कुंपणापलीकडनं भिमानं हाळी दिली. "आबा, येताय न्हवं?"

"थांब वाईच," म्हातारा म्हणाला. "थोरल्याचा हात बघतोय."

झुंबरनं एक डोळा उघडला. मग ज्या हाताला दोरी कधी लागतच नाही, तो उजवा हातही त्यानं बापापुढं केला.

"आन ह्यो बी दुखतोय, आबा."